डी-टेस्ट पॉझिटिव्ह: बंद ठेवलेलं जनुक आणि प्रतिकाराचा प्रवास

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. पायावरच्या जखमेचा स्वॅब तपासला, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला. रिपोर्टमध्ये एरिथ्रोमायसिनपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही), क्लिंडामायसिनपुढेही 'आर', आणि खाली 'डी-टेस्ट पॉझिटिव्ह' अशी टीप. लॅबमध्ये विचारलं तर म्हणाले, नुसतं क्लिंडामायसिन लावलं तर जंतू मरतो, पण आम्ही 'आर'च देतो. मी बीएस्सीला आहे, ऑपेरॉन (एकत्र चालू-बंद होणारी जनुकं) शिकले आहे. जनुक असेल तर प्रतिकार दिसायला हवा, नसेल तर नाही. मग हा मधला प्रकार काय? आणि असा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा जनुकाबरोबर त्याचं नियंत्रणही जातं का?

उत्तर:

लॅबनं केलं ते बरोबर आहे, आणि तुमची शंकाही रास्त आहे. जनुक अंगात असणं आणि ते चालू असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. वडिलांच्या जखमेतल्या जिवाणूकडे क्लिंडामायसिन निकामी करणारं जनुक आहे, पण एरवी ते बंद असतं. क्लिंडामायसिनला ते उघडता येत नाही, एरिथ्रोमायसिनला येतं. दोन्ही औषधं शेजारी ठेवून ते बंद जनुक उघडं पाडायचं, एवढंच डी-टेस्टचं काम. रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी वर्षानुवर्षं अशा रिपोर्टांवर सही करते आहे. ह्या एका ओळीच्या टीपेत प्रतिकार का टिकतो आणि का पसरतो ह्याचं निम्मं उत्तर आहे, असं माझं मत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्लेटवर काय दिसतं ते. जिवाणूची ताजी वाढ सलाइनमध्ये कालवून तिचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड ह्या ठरलेल्या प्रमाणाशी जुळवतात. त्यात कापसाचा स्वॅब बुडवायचा, नळीच्या आतल्या कडेला दाबून निथळवायचा आणि म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर तीन दिशांनी फिरवायचा, म्हणजे सगळीकडे सारखी वाढ येते. लॅबमध्ये ह्याला लॉन म्हणतात. मग चिमट्यानं दोन डिस्क ठेवायच्या: १५ मायक्रोग्रॅमची एरिथ्रोमायसिनची आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिनची. दोघींच्या कडांमधलं अंतर १५ ते २६ मिलिमीटर. प्लेट ३५ अंशाला रात्रभर ठेवली की सकाळी एरिथ्रोमायसिनच्या डिस्कला भिडून वाढ आलेली दिसते. क्लिंडामायसिनभोवती मात्र चांगलं मोठं, स्वच्छ वर्तुळ असतं. पण ते वर्तुळ पुरतं गोल नसतं. एरिथ्रोमायसिनकडची बाजू सपाट झालेली असते आणि इंग्रजी 'डी' अक्षराचा आकार दिसतो. प्लेट परावर्तित उजेडात तिरकी धरली की ती सपाट कड नीट कळते.

आता त्या सपाट बाजूला लक्ष द्या. तिथंही क्लिंडामायसिन पोचलंय, उजव्या-डाव्या बाजूला जेवढं आहे तेवढंच. जिवाणूही तेच, एकाच वसाहतीतून आलेले. फरक एवढाच, की त्या बाजूच्या जिवाणूंना एरिथ्रोमायसिनचा थोडा अंश मिळालाय. तेवढ्यावर त्यांनी जनुक उघडलं आणि ते तगले. दुसऱ्या बाजूच्या भावंडांना तो इशारा मिळाला नाही, ती वाढलीच नाहीत. जनुक दोन्हीकडे होतं. एकाच प्लेटवर, काही मिलिमीटरच्या अंतरात, जनुक असणं आणि वापरात असणं ह्यांतला फरक इतका स्पष्ट दाखवणारी दुसरी चाचणी रोजच्या कामात मला माहीत नाही.

ह्या जनुकांच्या गटाला एर्म म्हणतात. स्टॅफिलोकॉकसमध्ये बहुधा एर्म-ए किंवा एर्म-सी असतं. एर्म-सी साधारणपणे लहानशा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर), एर्म-ए टीएन-५५४ नावाच्या ट्रान्सपोझॉनवर (जागा बदलणाऱ्या, उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर). त्यापासून एक एन्झाइम बनतं, मिथिलेज. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. त्याच्या मोठ्या तुकड्यातल्या २३-एस आरएनएवर २०५८ क्रमांकाचा एक ॲडेनिन आहे. त्याला हे एन्झाइम दोन मिथाइल गट चिकटवतं. नेमकी तीच जागा मॅक्रोलाइड गटातल्या औषधांची (एरिथ्रोमायसिन त्यातलंच), तीच क्लिंडामायसिनची आणि तीच स्ट्रेप्टोग्रॅमिन-बी गटाची. तीन वेगळ्या रसायनांची बैठक एकच असल्यामुळे एका एन्झाइमनं तिन्हींची वाट अडते.

पण हे एन्झाइम सारखं बनत नाही, आणि इथं तुमचा ऑपेरॉन येतो. तुम्ही शिकलात तो लॅक ऑपेरॉन असणार. जाकोब आणि मोनो ह्यांनी १९६१ मध्ये तो मांडला आणि १९६५ मध्ये ल्वॉफ ह्यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्यात एक दमनकारी प्रथिन डीएनएवर बसून राहतं आणि एमआरएनए, म्हणजे जिच्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची नक्कल, बनूच देत नाही. अभ्यासक्रम बहुतेक वेळा तिथंच थांबतो, म्हणून मुलांचा असा समज होतो की नियंत्रण म्हणजे डीएनएवर बसलेलं काहीतरी. एर्म-सीमध्ये असं कोणी बसलेलं नाही. एमआरएनए बनतच असतो, पण तो स्वतःवरच असा दुमडलेला असतो की मिथिलेज बनवायला सुरुवात करायची जागा त्या दुमडीत झाकली जाते. एन्झाइमच्या आधी त्याच एमआरएनएवर १९ अमिनो आम्लांच्या एका लहान पेप्टाइडचा मजकूर असतो. एरवी रायबोसोम ते पेप्टाइड बनवून निघून जातो, दुमड तशीच राहते. एरिथ्रोमायसिन चिकटलेला रायबोसोम मात्र नवव्या अमिनो आम्लाशी अडकतो. तो तिथं अडकून बसल्यानं एमआरएनएची दुमड बदलते, झाकलेली जागा मोकळी होते आणि मिथिलेज बनू लागतं.

इथं चांगले विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात: रायबोसोम औषधानं अडकलेले असतील तर मिथिलेज बनवतं कोण? उत्तर मात्रेत आहे. औषध थोडं असेल तेव्हा काही रायबोसोम अडकतात, बाकीचे मोकळे असतात, आणि हे मोकळे रायबोसोम उघडलेल्या एमआरएनएवरून एन्झाइम बनवून घेतात. शिवाय हे मिथिलेज तयार रायबोसोमवर काम करत नाही. जो रायबोसोम अजून जुळतोय त्याच्या २३-एस आरएनएवर ते काम करतं. म्हणजे बचाव उभा राहायला वेळ लागतो, आणि कमी मात्रेचं औषध तो वेळ देतं. 'कमी मात्रा' हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लिंडामायसिन रायबोसोमला बांधतं, पण त्या लहान पेप्टाइडवर रायबोसोम तसा अडकवत नाही. म्हणून एकटं क्लिंडामायसिन लावलं तर जनुक झाकलेलंच राहतं आणि जंतू मार खातो. मग 'आर' का द्यायचं? कारण जखमेत जिवाणू कोट्यवधी असतात आणि त्यांतल्या एखाद्याच्या त्या पेप्टाइडच्या भागात मोडतोड झालेली असते. काही अक्षरं गळालेली असतात, दुमड जुळतच नाही आणि जनुक कायमचं उघडं राहतं. क्लिंडामायसिन चालू केलं की बंद जनुकवाले मरतात आणि हे मूठभर उघडे उरतात, वाढतात. पहिले काही दिवस जखम सुधारल्यासारखी वाटते आणि मग पुन्हा चिघळते. उपचार चालू असताना असा अपयशाचा अनुभव आलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. म्हणून 'आर' द्यायचं आणि खाली टीप द्यायची, अशी पद्धत आहे. काही रुग्णांत तरीही औषध लागू पडू शकतं, अशी पुस्तीही त्या टीपेला जोडता येते. वडिलांच्या बाबतीत काय द्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. जखमेची खोली, हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का, किडनीचं काम कसं आहे हे सगळं त्यांच्यासमोर असतं. ते रिपोर्टमधून मला दिसत नाही.

एक मात्र सांगते. एरिथ्रोमायसिन 'आर' आणि क्लिंडामायसिन 'एस' (म्हणजे औषध चालतं) दिसलं की तो जिवाणू एर्मवालाच असेल असं नाही. काहींच्या अंगी एमएसआर-ए नावाचं वेगळं जनुक असतं, त्याचा बचाव मॅक्रोलाइड आणि स्ट्रेप्टोग्रॅमिन-बी ह्यांच्यापुरता, क्लिंडामायसिनविरुद्ध नाही. त्यांच्या बाबतीत वर्तुळ गोलच राहतं आणि क्लिंडामायसिन खरोखर चालतं. ज्या लॅबमध्ये ह्या दोन डिस्क एकमेकींपासून लांब ठेवल्या जातात, तिथं हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून कोणताही जखमेचा रिपोर्ट हातात आला आणि त्यात एरिथ्रोमायसिन 'आर', क्लिंडामायसिन 'एस' असेल, तर डी-टेस्ट केली होती का हे बेधडक विचारा. हा प्रश्न विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

आता मुख्य गोष्ट. जनुक बंद का ठेवायचं? सतत उघडं ठेवलं तर बचाव कायम तयार, मग हा खटाटोप कशाला?

कारण प्रतिकार फुकट पडत नाही. इरलं घरात टांगलेलं असावं, पण वैशाखात ते डोक्यावर घेऊन कोणी शेतात राबत नाही. मिथाइल लागलेला रायबोसोम औषधापासून वाचतो, पण काही प्रथिनं पूर्वीसारखी नीट बनवत नाही. औषध नसलेल्या जागी असा जिवाणू शेजाऱ्यांपेक्षा मागे पडतो. टेट्रासायक्लिन बाहेर फेकणारा टेट-ए हा पंप तर जास्त प्रमाणात बनला की पेशीच्या पटलालाच जड जातो. म्हणून टीएन-१० ह्या ट्रान्सपोझॉनवर पंपाच्या शेजारीच टेट-आर नावाचं दमनकारी प्रथिन असतं. टेट्रासायक्लिन रायबोसोमला जेवढं घट्ट धरतं त्याहून कितीतरी घट्ट टेट-आरला धरतं. त्यामुळे पेशीत औषधाचे पहिले थोडेसे रेणू शिरले, की रायबोसोमचं काम बंद पडायच्या आधीच पंप बनायला लागतो. हे नियंत्रण तुमच्या लॅक ऑपेरॉनच्या जवळचं आहे, परीक्षेत उदाहरण म्हणून बेलाशक लिहा.

सगळ्यात स्पष्ट पुरावा व्हँकोमायसिनचा. एन्टरोकॉकसमधल्या व्हॅन-ए प्रकारच्या प्रतिकारात जिवाणू आपल्या भिंतीच्या विटेचं टोकच बदलतो. ॲलानिन-ॲलानिनच्या जागी ॲलानिन-लॅक्टेट येतं आणि व्हँकोमायसिनची पकड सुमारे हजारपट ढिली होते. ह्यासाठी एकापाठोपाठ कित्येक जनुकं लागतात, आणि त्यांच्या आधी व्हॅन-एस आणि व्हॅन-आर अशी जोडी असते. व्हॅन-एस पटलात बसून व्हँकोमायसिनची चाहूल घेतं, व्हॅन-आर ती खबर डीएनएपर्यंत नेतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पात्रिस कूरव्हालाँ ह्यांच्या गटानं हा प्रतिकार कायम चालू असलेले आणि गरजेपुरता चालू होणारे एन्टरोकॉकस एकमेकांसमोर वाढवून पाहिले. ते काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. कायम चालू असलेले स्पष्टपणे मागे पडले. गरजेपुरता उघडणाऱ्यांना औषध नसताना त्या जनुकांचं ओझं जवळपास जाणवलंच नाही.

हे वाचून मला आनंद होत नाही, काळजी वाटते. प्रतिकाराबद्दल बोलताना आपण एक आशा धरून असतो: औषधाचा वापर थांबवला की प्रतिकारी जिवाणू ओझ्यापायी मागे पडतील आणि साधे जिवाणू पुन्हा जागा घेतील. काही प्रतिकारांच्या बाबतीत हे घडतंही. पण जिथं नियंत्रण चोख आहे तिथं ओझंच नाही, मग मागे पडायचं कशानं? बंद जनुक पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट राहतं आणि गरज पडली की उघडतं. नियंत्रण हा प्रतिकाराच्या गोष्टीतला तपशील आहे असं समजू नका. प्रतिकार टिकून राहतो तो बऱ्याच अंशी त्यामुळेच.

तुमचा दुसरा प्रश्न: जनुकाबरोबर नियंत्रणही जातं का? कधी जातं, कधी मागे राहतं, कधी नव्या घरी दुसऱ्याचं उसनं मिळतं. आणि ह्यावर रुग्णाचं बरंच काही अवलंबून असतं.

एर्म-सीचं नियंत्रण त्याच्याच एमआरएनएत गुंफलेलं असल्यामुळे ते वेगळं राहूच शकत नाही. जनुक जाईल तिथं दुमड जाते. व्हॅन-एची अख्खी मंडळी, चाहूल घेणाऱ्यासकट, टीएन-१५४६ ह्या एकाच ट्रान्सपोझॉनवर बसलेली आहे. व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकॉकस इंग्लंड-फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात सापडला तेव्हापासून सगळ्यांना एकच धास्ती होती, की हे स्टॅफिलोकॉकसमध्ये गेलं तर काय. २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ते प्रत्यक्ष दिसलं. मधुमेह असलेल्या, डायलिसिसवरच्या एका रुग्णात पायाच्या जखमा होत्या, व्हँकोमायसिन बरंच दिलेलं होतं आणि दोन्ही जंतू एकाच अंगावर नांदत होते. ट्रान्सपोझॉन एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि नव्या घरातही पहिल्यासारखाच चालला. मधुमेही पायाच्या जखमेत एकाच वेळी किती जातींचे जंतू शेजारी राहतात हे आम्ही प्लेटवर रोज पाहतो. म्हणून तुमच्या वडिलांच्या जखमेची नीट सफाई आणि साखरेवर ताबा ह्यांना मी प्रतिजैविकाइतकंच महत्त्व देईन.

नियंत्रण मागे राहतं ह्याचं उदाहरण अँप-सी. एन्टरोबॅक्टर क्लोएकी, सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी, मॉर्गनेला मॉर्गनी ह्यांच्या गुणसूत्रावर हे बीटा-लॅक्टमेजचं, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातली (बीटा-लॅक्टम) औषधं फोडणाऱ्या एन्झाइमचं, जनुक मुळातच असतं आणि शेजारचं अँप-आर त्याला दाबून ठेवतं. काही बीटा-लॅक्टम औषधांनी भिंत मोडू लागली की भिंतीचे तुकडे पेशीत साठतात, अँप-आरला ते कळतं आणि अँप-सी उघडतं. ह्यातही कायम उघडे राहिलेले उत्परिवर्ती निवडले जाण्याचा धोका आहेच. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत एन्टरोबॅक्टरचा रक्तसंसर्ग झालेल्या आणि तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन मिळालेल्या रुग्णांपैकी १९ टक्क्यांमध्ये उपचारादरम्यानच प्रतिकार उभा राहिला होता. पहिल्या रिपोर्टमध्ये 'एस', काही दिवसांनी त्याच रुग्णाच्या रक्तात तोच जंतू 'आर', आणि नातेवाईक विचारतात की लॅब चुकली का. लॅब चुकलेली नसते.

हेच जनुक गुणसूत्र सोडून प्लाझ्मिडवर चढलं तेव्हा दोन तऱ्हा झाल्या. सिट्रोबॅक्टरकडून आलेलं सीएमवाय-२ अँप-आरला मागे सोडून आलं, त्यामुळे ते ई. कोलायमध्ये गेलं तरी सतत चालू असतं. मॉर्गनेलाकडून आलेलं डीएचए-१ मात्र अँप-आरला घेऊनच निघालं. सौदी अरेबियात धहरानमध्ये मिळालेल्या साल्मोनेलात ते पहिल्यांदा सापडलं, नावही तिथूनच आलं. ते नव्या घरातही बंद राहतं आणि चाहूल लागली की उघडतं. एकाच घराण्यातली दोन जनुकं, पण एक रिपोर्टवर चटकन दिसतं आणि दुसरं लपून राहू शकतं. तुमच्या प्रश्नाचं इतकं नेटकं उत्तर देणारी जोडी मला दुसरी सुचत नाही.

तिसरा प्रकार उसन्या नियंत्रणाचा, आणि आपल्या देशाशी त्याचा थेट संबंध आहे. सीटीएक्स-एम-१५ हे बीटा-लॅक्टमेजचंच एक जनुक पहिल्यांदा वर्णन केलं गेलं ते १९९९ मध्ये नवी दिल्लीत मिळालेल्या जिवाणूंमध्ये. त्याचे पूर्वज क्लुव्हेरा नावाच्या फारशा कोणाला न सतावणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रावर होते. त्याच्या पुढे आयएसईसीपी-१ हा उडी मारणारा तुकडा येऊन बसला. त्यानं दोन कामं एकदम केली: जनुक उचलून प्लाझ्मिडवर नेलं आणि स्वतःचा जोरकस प्रमोटर (जनुकाची नक्कल जिथून सुरू होते ती जागा) त्याला दिला. घरी मंद चालणारं जनुक बाहेर पडताच जोरात चालू लागलं. कार्बापेनेम गटातली औषधं फोडणाऱ्या एनडीएम-१ ह्या जनुकाच्या प्रमोटरचा एक भागही अशाच उडी मारणाऱ्या आयएसएबीए-१२५ ह्या तुकड्यातून आलेला आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये, तोवर फारशी चर्चा नसताना, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ आतड्यातल्या जिवाणूंपैकी २२ जणांमध्ये एनडीएम-१ असल्याचं प्रसिद्ध केलं होतं. त्या लहानशा शोधनिबंधाचं महत्त्व आपल्याकडे पुरेसं ओळखलं गेलं नाही असं मला आजही वाटतं.

इंटेग्रॉन, म्हणजे जनुकं गोळा करणारे डीएनएचे तुकडे, हेही ह्याच जातीचे. त्यात प्रतिकाराच्या जनुकांच्या कॅसेट एकामागोमाग लावलेल्या असतात. बहुतेक कॅसेटना स्वतःचा प्रमोटर नसतो. सुरुवातीला एकच प्रमोटर, त्याच्या जवळची कॅसेट जोरात चालते, दूरची मंद. पेशी संकटात आली की कॅसेट कापून-जोडणारं इंटिग्रेज हे एन्झाइम चालू होतं आणि कॅसेटची अदलाबदल सुरू होते. ते संकट ओळखणारी यंत्रणा म्हणजे एसओएस प्रतिसाद, लेक-ए आणि रेक-ए ह्यांची. तिचं नाव ऐकलं असेल, पण प्रतिकाराच्या धड्यात ती क्वचितच येते. यायला हवी, कारण आता जे सांगते आहे ते तिच्यावाचून कळत नाही.

जनुक पसरणं ही घटनासुद्धा नियंत्रणाखाली असते. जिवाणूंमध्ये संयोग होतो, म्हणजे एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून डीएनए देतो, हे लेडरबर्ग आणि टेटम ह्यांनी १९४६ मध्ये दाखवलं. जपानमध्ये हगवणीच्या शिगेलामध्ये एकदम कित्येक औषधांचा प्रतिकार का दिसतो ह्याचा उलगडा १९५९ पासून झाला: तो संयोगानं ई. कोलायकडून येत होता. पण प्लाझ्मिड सारखे इकडून तिकडे धावत नाहीत. पाठ्यपुस्तकातला एफ प्लाझ्मिड संयोगाला नेहमी तयार असतो, कारण त्याचं फिन-ओ हे आवर घालणारं जनुक एका उडी मारणाऱ्या तुकड्यानं मोडलं आहे. त्याचे निसर्गातले बरेच भाऊबंद आवरलेलेच असतात. संयोगाची यंत्रणा उभारणं पेशीला महागात पडतं, म्हणून तीही बंद.

मग ती उघडतं कोण? १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचा ओ-१३९ हा नवा प्रकार दिसला आणि बंगाल-बांगलादेशात पसरला. त्याच्या गुणसूत्रात एसएक्सटी नावाचा सुमारे एक लाख अक्षरांचा तुकडा होता. सल्फामेथोक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, क्लोरँफेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन ह्या चौघांचा प्रतिकार त्यावर. हा तुकडा गुणसूत्रातून सुटून दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकतो, पण सेट-आर नावाचं प्रथिन त्याला रोखून धरतं. मॅथ्यू वॉल्डर ह्यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं, की डीएनएला इजा झाली आणि एसओएस प्रतिसाद सुरू झाला की सेट-आरची पकड सुटते आणि एसएक्सटी पसरू लागतं. आणि ही इजा करणाऱ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनही आहे. नीट बघा: एसएक्सटीवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रतिकार नाही. म्हणजे एका औषधाच्या धक्क्यानं दुसऱ्याच चार औषधांचा प्रतिकार शेजाऱ्याकडे जायला निघतो. प्रतिजैविक हे फक्त चाळणी लावतं, दुबळे मारतं आणि बलवान ठेवतं, एवढंच शिकलेल्या माणसाला हे धक्कादायक वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं.

आपल्या आतड्यात कितीतरी मोठ्या संख्येनं राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्समध्ये तर हे आणखी ठळक आहे. सीटीएनडॉट हा त्यांच्यातला फिरता तुकडा टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिन दोन्हींचा प्रतिकार बाळगतो. टेट्रासायक्लिनचा थोडा संपर्क आला की त्याचं संक्रमण शंभर ते हजारपट वाढतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ॲबिगेल सॅलियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पूर्वीचे आणि १९९० च्या दशकातले बॅक्टेरॉइड्स तपासले. टेट-क्यू हे जनुक आधी सुमारे ३० टक्क्यांत होतं, नंतर ८० टक्क्यांहून जास्त. हे बहुतेक निरुपद्रवी रहिवासी. त्यांना मारायला कोणी औषध दिलेलं नव्हतं, औषध दुसऱ्याच कशासाठी तरी पोटात गेलेलं होतं.

आणि म्हणून ॲझिथ्रोमायसिन. घशात खवखव, अंगात कणकण, की मेडिकलमधून 'ॲझिथ्रो पाचशे' तीन गोळ्या, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. बहुतेक वेळा आजार विषाणूचा असतो आणि गोळीनं त्यात काहीच होत नाही. पण ती गोळी मॅक्रोलाइड आहे, एर्म उघडणाऱ्या गटातली. तिचं अर्धायुष्य सुमारे ६८ तास. तीन दिवसांचा कोर्स संपल्यावरही ती पेशींमध्ये कितीतरी दिवस रेंगाळते, हळूहळू कमी होत. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली 'कमी मात्रा' ती हीच. नाकातल्या, घशातल्या, कातडीवरच्या जिवाणूंना चाहूल लागायला आणि निवड व्हायला एवढं पुरतं. बेल्जियममध्ये दोनशेहून अधिक निरोगी माणसांना ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नुसती औषधविरहित गोळी देऊन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. एका कोर्सनंतर तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसमधला मॅक्रोलाइडचा प्रतिकार जो वाढला, तो १८० दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. कोणी आजारी नव्हतं. एका कोर्सचा हा परिणाम.

वडिलांच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा गेल्या सहा महिन्यांत त्यांनी कोणकोणती प्रतिजैविकं घेतली ह्याची यादी घेऊन जा. सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यासुद्धा त्यात लिहा. रिकाम्या स्ट्रिप असतील तर त्याच न्या. 'किरकोळ गोळी होती' म्हणून जी सांगायची राहते, रिपोर्टचा अर्थ लावताना नेमकी तिचीच गरज पडते.

आणि तुमच्यासाठी. महाविद्यालयात डी-टेस्ट करून बघायची असेल तर वडिलांच्या जखमेतला जंतू आणू नका, रुग्णाचा नमुना हाताळायची सोय तिथं नसते. विभागप्रमुखांकडून दोन प्रमाणित स्ट्रेन मागवून घ्या: एटीसीसी बीएए-९७७, त्यात बंद-उघड होणारं एर्म आहे, आणि एटीसीसी बीएए-९७६, त्यात एमएसआर-ए. दोन्ही स्टॅफिलोकॉकस ऑरियसच आहेत, म्हणून हातमोजे, बर्नर आणि नंतर ऑटोक्लेव्ह ह्यांत कसूर नको. एकीवर 'डी' येईल, दुसरीवर गोल वर्तुळ. मग पहिलीच्या क्लिंडामायसिनच्या स्वच्छ वर्तुळात आत कुठे एखाद-दुसरी टिकलीएवढी वसाहत उगवली आहे का ते भिंगाखाली पाहा. सापडली तर ती उचलून नव्या प्लेटवर पुन्हा चाचणी करा. ह्या वेळी क्लिंडामायसिनभोवती वर्तुळच आलं नाही, तर पेप्टाइडच्या भागात मोडतोड होऊन कायम उघडा राहिलेला जिवाणू तुमच्या हाती लागला असण्याची दाट शक्यता आहे. तसं झालं तर ती वसाहत जपून ठेवा आणि तो भाग सीक्वेन्स करून मिळतो का ते बघा, बीएस्सीच्या प्रकल्पाला तेवढं भरपूर आहे.